गिरिधररावांनी काशीत सोडलेली कॉफी

काशीला जाऊन आलेला माणूस ओळखायचा तो पंगतीत. भाजी वाढणारी जवळ आली की तो पानावर हात आडवा धरतो आणि मोठ्यानं सांगतो, "हे आम्ही काशीत सोडलं." मोठ्यानं अशासाठी की आजूबाजूच्या पानांनाही ते कळावं. गंगेत आपली आवडती वस्तू सोडून यायची, ही जुनी रीत. आवडती, हे महत्त्वाचं. आमच्या नागपुरातल्या जुन्या शुक्रवारीत असे सोडून आलेले पुष्कळ होते, आणि कोणी काय सोडलं याची चौकशी करण्याचा मला पहिल्यापासून नाद. कारलं सोडणारे सर्वांत जास्त निघाले. त्यांच्या मागोमाग शेपू. एका गृहस्थानं फणस सोडला होता. फणस त्याला आयुष्यात दोनदा दिसला असेल, तोही दुसऱ्याच्या पिशवीत. संत्रं सोडलेला नागपूरकर मात्र मला अजून भेटायचा आहे.

या सगळ्यांत गिरिधरराव भिवापूरकरांसारखं सोडणं कोणाला जमलं नाही. त्यांनी कॉफी सोडली. ही गोष्ट चौसष्ट-पासष्टच्या सुमाराची. त्या काळी आमच्या भागात कॉफी म्हणजे सोयरिकीच्या बैठकीत मिळणारं, जायफळ घातलेलं गोड दूध. त्यातली कॉफी शोधावी लागे. गिरिधररावांनी तर तेवढीही कधी शोधली नव्हती.

ते अर्जनवीस. कचेरीच्या आवारात कडुनिंबाखाली त्यांचं टेबल, घडीची खुर्ची, आणि झाडावरच्या पाखरांपासून संरक्षण म्हणून बारमाही उघडी काळी छत्री. अंगानं किरकोळ, धोतर परीटघडीचं, आणि टेबलावर कागदांपेक्षा चहाच्या बशा जास्त. वकील नव्हते, पण वकील त्यांना वचकून असत. कायद्याच्या कुठल्याही भिंतीत खिडकी शोधून द्यायची, हा त्यांचा धंदा. आमच्या गल्लीतल्या एकानं विनापरवाना भिंत बांधली, नोटीस आली. गिरिधररावांनी अर्ज लिहून दिला की सदरहू बांधकाम भिंत नसून उभा ओटा आहे. तो अर्ज या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहिला. भिंत अजून उभी आहे. ओटा म्हणून.

असा हा माणूस दिवसभर लोकांकडून चलाख म्हणवून घ्यायचा आणि संध्याकाळी घराची पायरी चढली की सरळ व्हायचा. कारण घरात भागीरथाबाई होत्या.

भागीरथाबाई पारशिवनीकडच्या शेतकऱ्याची लेक. थोराड बांध्याच्या, कमी बोलणाऱ्या. जगात कोण काय म्हणतं याच्याशी त्यांना कर्तव्य नव्हतं. "आमचे हे खोटं बोलत नाईत," असं त्या विहिरीवर, हळदी-कुंकवात, कुठंही सांगत. ऐकणाऱ्या बाया पदर तोंडाला लावत, पण त्यांना खरं सांगायला कोणीच धजलं नाही. अख्ख्या नागपुरात गिरिधररावांना सच्चा समजणारं हे एकच माणूस होतं, आणि ते माणूस हातचं जाऊ नये म्हणून ते जीवाचा आटापिटा करत. कचेरीतली अब्रू त्यांना तशी जास्तीचीच होती. ही घरातली एवढीच खरी.

तर गिरिधररावांच्या आईच्या अस्थी घेऊन दोघं काशीला गेले. तिथला त्यांचा पंडा ओमप्रकाश महाराज. गोल पोटाचा, गोड आवाजाचा. भागीरथाबाई गंगेत उभ्या राहिल्या आणि कोणी काही सुचवायच्या आत म्हणाल्या, "चहा."

हे ऐकून गिरिधररावांच्या पायाखालची वाळू सरकली म्हणतात. चहा म्हणजे त्या बाईचा जीव की प्राण होता. पहाटे चूल पेटायची ती चहासाठी. आलं ठेचून, दाट, पितळी पेल्यात, मग बशीत ओतून, डोळे मिटून. घरातली इतर सगळी सुखं त्यांनी सासूला, नणंदांना, नवऱ्याला वाटून टाकली होती. चहा तेवढा स्वतःचा ठेवला होता. तो त्यांनी सोडला, आणि ओल्या तोंडानं नवऱ्याकडे बघितलं. आता पाळी त्यांची. चहा गिरिधररावांनाही प्यारा. घरचा दोन वेळा, कचेरीतला मोजदाद नाही इतका. जिभेवर 'कारलं' आलं होतं, पण बायकोनं चहा सोडल्यावर कारलं म्हणायची लाज वाटली. माणूस वाईट नव्हता, एवढं यावरून दिसतं.

"कॉफी," ते म्हणाले.

महाराजांनी भुवया वर केल्या. "कॉफी पीते हो, बाबूजी?"

"उसके बिना दिन नहीं निकलता," गिरिधरराव म्हणाले. गुडघाभर गंगेत उभं राहून. पुढं मला समजावून सांगताना म्हणत, "ते हिंदीत बोललो होतो गा. हिंदीतलं घरी लागू होत नाई."

परतीच्या गाडीत भागीरथाबाईंनी विचारलंच, की तुम्ही कॉफी पिता हे मले कसं माहीत नाही? तर म्हणे कचेरीत पीत होतो; घरी फक्त तुझ्या हातचा म्हणून चहा. बाईंनी ते पदरात बांधून घेतलं. तेव्हापासून रोज दोन वेळा त्या नवऱ्याला चहा करून देत, आल्याचा वास नाकात जाऊ न देता, तोंड बाजूला करून. आणि गिरिधरराव तो पीत. घशाखाली उतरायचा, पण पूर्वीसारखा नाही, असं म्हणत. मला काही फरक दिसला नाही.

इथंवर सगळं सुरळीत होतं. पण शेजारच्या गल्लीत शेषाद्री राहायला आले. सरकारी हिशेबाच्या खात्यात साहेब, मद्रासकडून बदली होऊन आलेले. घरमालकाशी त्यांचं नळावरून वाजलं आणि अर्ज लिहायला त्यांनी गिरिधररावांना घरी बोलावलं. शेषाद्रींच्या बायकोनं न विचारता पुढ्यात कॉफीची पितळी पेला-वाटी ठेवली. पाहुण्यानं नाही म्हणायचं नाही, हा धर्म. गिरिधररावांनी धर्म पाळला. पेला रिकामा झाल्यावर ते बराच वेळ त्याच्या बुडाकडे बघत बसले. घरमालकाविरुद्धचा अर्ज त्या दिवशी काही लिहिला गेला नाही. त्यासाठी आणखी चार वेळा यावं लागेल, असं त्यांनी शेषाद्रींना सांगितलं.

जी वस्तू कधी चाखली नाही म्हणून सोडली, ती नेमकी सोडल्यावर तोंडाला लागली. आता काय करता!

दुसरा कोणी असता तर लपून प्यायला असता किंवा गप्प बसला असता. गिरिधरराव अर्जनवीस होते. त्यांनी खिडकी शोधली. उन्हाळ्यात आमच्याकडे घरोघर रात्री धणे भिजत घालतात आणि सकाळी ते पाणी गाळून, खडीसाखर घालून पितात. भागीरथाबाईंनी एक दिवस तसाच पेला हाती दिला आणि त्यांचा चेहरा उजळला. सरळ माझ्याकडे आले. मी ओसरीवर वाळ्याच्या पडद्याला पाणी मारत होतो.

"उपासाले केळं चालते, भात काहून चालत नाई?" त्यांनी विचारलं.

"तुमीच सांगा."

"अग्नी लागला म्हणून! विस्तवावर चढलं ते अन्न. नाई चढलं ते अन्न नोहे. मंग कॉफी थंड्या पाण्यात भिजवली, विस्तव दाखवलाच नाई, तं ते कॉफी होते काय?"

"काय होते मंग?"

"भिजवलेलं पाणी."

"पण दाणे तं भाजलेले असते ना, गिरिधरराव?"

ते म्हणाले, "भाजणारा दुसरा. ते पाप मद्रासकडे."

"वा! मंग वहिनीले सांगून टाका."

हे ऐकताच चेहऱ्यावरची सगळी वकिली उतरली. "तिले कायदा समजत नाई," म्हणाले आणि चपला घालून चालते झाले.

घरी त्यांनी सांगितलं की पित्तावर वैद्यानं भुकटी दिली आहे, ती रात्रभर गार पाण्यात ठेवायची. शेषाद्रींना विचारलं, तर त्यांनी दोन्ही कानांना हात लावले. थंड पाण्यात कॉफी हे त्यांच्या मते गोहत्येच्या जवळपास जाणारं होतं. पण भुकटी कुठं मिळते तेवढं सांगितलं, जरा जाडसर दळून घ्या म्हणाले. आणि मग आमच्या जुन्या शुक्रवारीत अशी कॉफी होऊ लागली की जशी कोणी केली नसेल. भागीरथाबाई संध्याकाळी हातपाय धुऊन, पातळ मलमलीत भुकटीची पुरचुंडी बांधत, ती सुरईत सोडत, वरून गाळलेलं पाणी ओतत. सुरईला ओलं फडकं गुंडाळून मागच्या ओसरीवर वाऱ्याला ठेवत. सकाळी पुरचुंडी हलकेच वर काढायची. पहिल्यांदा त्यांनी ती पिळली, तर पाणी गढूळ आणि जहर कडू झालं. पुन्हा पिळली नाही. औषध म्हणून त्यावर तुळशीचं पान ठेवायच्या. गिरिधरराव डोळे मिटून, तोंड कडू करून, तुळशीसकट ते पिऊन टाकत, आणि बाई पदरानं वारा घालत विचारत, "लय कडू आहे काय?"

"तुह्यासाठी घेतो," ते म्हणत.

मी स्वतः ऐकलं आहे हे.

बाईचा हात सढळ. शेजारच्या तुळसाबाईचं डोकं दुखत होतं, तर वाटीभर औषध तिला दिलं. डोकं थांबलं. तुळसाबाईला कळलं म्हणजे गावाला कळलं. भिवापूरकरांच्या औषधासाठी लोक सकाळी पेले घेऊन येऊ लागले. सुरईच्या जागी माठ आला. गिरिधररावांना ते अडवता येईना, कारण अडवायचं कारण सांगता येईना. त्या उन्हाळ्यात आमच्या गल्लीत रात्री कोणी झोपेना. गच्च्यांवर इतक्या गप्पा झाल्या की दोन लग्नं जमली आणि एक जमलेलं मोडलं. लोकांनी दोष उकाड्याला दिला. मी दोष कोणालाच दिला नाही. मीही रोज पेला घेऊन जात होतो.

अशात ऐन जेठात ओमप्रकाश महाराज आले. यजमानांकडे वर्षातून एक फेरी मारायची, खुशाली विचारायची, दक्षिणा घ्यायची, असा त्यांचा परिपाठ. घामानं निथळत ओसरीवर टेकले. मी होतोच. तुळसाबाई होतीच, ती नसती असं होत नसे. गिरिधरराव महाराजांना पाहून उठून उभे राहिले, बसले, पुन्हा उठले.

"ऊन लय लागलं असन महाराजांले," भागीरथाबाई म्हणाल्या आणि फुलपात्र भरून औषध घेऊन आल्या.

"महाराजांले साधं पाणी दे वं," गिरिधरराव घाईनं म्हणाले. "सोवळ्याचे आहेत ते."

"सोवळ्यातच केलं आहे."

महाराजांनी एक घोट घेतला. थांबले. दुसरा घेतला, तो तोंडात फिरवला, आणि त्यांचा चेहरा आरतीच्या तबकासारखा फुलला. "अहाहा, माताजी! क्या कॉफी है! मद्रासी यजमान पिलाते हैं हमको, मगर गरम। ऐसी ठंडी तो काशी में भी नहीं पी।"

महाराज फुलपात्र संपवत होते. संपवता संपवता त्यांना आठवलं. यजमानानं काय सोडलं हे पंड्याला विसरून चालत नाही, पोटाचा प्रश्न असतो. "लेकिन बाबूजी," ते हळूच म्हणाले, "आपने तो यही..."

"हे कॉफी व्हय?" भागीरथाबाईंनी विचारलं. महाराजांना नाही. नवऱ्याकडे बघत होत्या.

"भागीरथा, असं पाहा," गिरिधररावांनी घसा साफ केला. "ज्या वस्तूले अग्नीचा संस्कार—"

"कचेरीत बोलता तसं माह्याशी बोलू नोका." आवाज चढला नव्हता. "मले एवढंच सांगा. काशीच्या आधी तुमी कॉफी पेत होते का नाई?"

आता खरं सांगतो, सुटका सोपी होती. 'पीत होतो' म्हटलं की झालं. सोडलेली वस्तू मोहानं घेतली, चुकलो, प्रायश्चित्त घेतो. महाराज समोरच बसले होते, त्यांच्याकडे प्रायश्चित्तं सगळ्या मापांची. बाईनं क्षमाही केली असती. मी मनात म्हटलं, म्हणा की हो, गिरिधरराव. तुळसाबाईसुद्धा श्वास रोखून होती. गिरिधररावांनी तोंड उघडलं, आणि त्यांची नजर बायकोच्या हातावर गेली. रोज पुरचुंडी बांधून तिच्या बोटांची टोकं तांबूस झाली होती.

"नाई," ते म्हणाले. "एक घोटही नाई."

बाई आत गेल्या.

तुळसाबाई पाण्याचं निमित्त करून मागोमाग गेली आणि परत येऊन माझ्या कानात कुजबुजली, "रडून नाई राहिली. भांडे घासून राहिली. घासलेलेच घासून राहिली!" गिरिधरराव खांबाला टेकून बसले होते. महाराज फुलपात्राच्या तळाशी उरलेलं तुळशीचं पान चघळत होते.

बऱ्याच वेळानं बाई हात पुसत बाहेर आल्या आणि महाराजांसमोर मांडी घालून बसल्या.

"महाराज, सोडलेली वस्तू वापस भेटते काय?"

"ना, माताजी। गंगाजी में छोड़ा सो छोड़ा।"

"वापस नोको. अदलाबदल करा. म्या सोडला तो चहा ह्यायच्या नावावर चढवा, आन् ह्यायनं सोडलेली कॉफी माह्या. गंगामाईचं काई कमी होत नाई. दोन वस्तू तिच्याजोळ होत्या, दोनच राहतेत."

महाराजांचा जबडा थांबला. पिढ्यान्‌पिढ्या घाटावर बसणाऱ्या घराण्यात असला अर्ज कोणी ऐकला नसावा. त्यांनी मदतीसाठी गिरिधररावांकडे पाहिलं. मीही पाहिलं. गिरिधररावांचे ओठ हलत होते. त्यांनी तो अर्ज वरून खाली आणि खालून वर तपासला असणार. खिडकी सोडा, त्यात साधी फटसुद्धा नव्हती. आणि त्या दुःखातही त्यांच्या तोंडावर जे आलं, ते मी विसरलो नाही. धंद्यातल्या माणसाला दुसऱ्याचं पक्कं काम पाहून येतं ते कौतुक.

"शास्त्र में मना तो नहीं है," महाराज शेवटी म्हणाले. "संकल्प नया होगा। दक्षिणा भी..."

"ते ह्यायच्याकडून घ्या," बाई म्हणाल्या.

देवघरातला गंगेचा गडू फोडला. गिरिधररावांनी हातावर पाणी घेतलं आणि मराठीत, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "चहा." भागीरथाबाई म्हणाल्या, "कॉफी." कधी न प्यालेली.

त्या संध्याकाळी त्यांच्या घरातून आल्याचा वास आला. बाई ओट्यावर बसल्या होत्या, पितळी पेला, हातात बशी. फुंकर घालून त्यांनी पहिला भुरका घेतला आणि तो इतका मोठा होता की समोरच्या घरातल्या म्हाताऱ्यानं खिडकीतून डोकं काढलं. गिरिधरराव दारात उभे राहून पाहत होते. त्यांना कोणी बस म्हणालं नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी बिचकत विचारलं, की आता कॉफी चालते मला, तर जरा... "सोडलेल्या वस्तूले म्या हात लावत नाई," उत्तर आलं. आता ते उजळ माथ्यानं गरम पिऊ शकत होते, दूध घालून, विस्तवावर उकळून, शेषाद्रींकडच्यासारखी. पण चूल पेटवणं त्यांना येत नव्हतं आणि स्टोव्हची भीती वाटे. शेषाद्रींचीही बदली झाली. म्हणून तो माणूस पुढची कितीतरी वर्षं रोज संध्याकाळी कचेरीतून येऊन, कोट खुंटीला लावून, मागच्या ओसरीवर उकिडवा बसून सुरईत पुरचुंडी सोडत असे. गाठ सैल बसायची. सकाळी अर्धी भुकटी पाण्यात आणि अर्धी दातांत. बाई बशी हातात घेऊन बघत असत. गाठ कशी मारायची ते त्यांनी कधी सांगितलं नाही. सांगणं म्हणजेही हात लावण्यासारखंच, असं त्यांचं मत. गल्लीला मात्र पुन्हा झोप लागू लागली.

कचेरीतले हाल कुत्रं खाईना. टेबलाच्या पाठीमागंच चहावाल्याची भट्टी. गिरिधररावांनी खुर्ची फिरवून घेतली, पण वास काही पाठमोरा होत नाही. पक्षकार चहा मागवत, हे नाही म्हणत. पित्त आहे, सांगत. अर्ज पूर्वीसारखेच सुरेख लिहीत, फक्त आता लिहिता लिहिता माणसांवर खेकसत, आणि घरी येऊनही धुसफुसत.

भागीरथाबाई आता नवऱ्याचे गोडवे विहिरीवर गात नसत. तो विषयच काढत नसत. गिरिधररावांच्या ते ध्यानात आलं होतं, एकदा मला म्हणाले, "पहिले बोलत होती माह्याबद्दल काई-काई. आता नाई बोलत."

एक दिवस तुळसाबाईनं, तिची जीभ ती, भर हळदी-कुंकवात विषय काढला. "काहून वं भागीरथा, कचेरीत चोरून चहा पेत नसन कशावरून? तू काय पाहायले जातेस?"

भागीरथाबाईंनी बशीतला चहा शांतपणे संपवला.

"नाई पेत," त्या म्हणाल्या. "पेले असते तं घरी येऊन एवढे चिडले नसते."